जेवणाच्या सुट्टीपर्यंत

"मगदूम अण्णांची डेअरी का?"

"हो, बोला."

"मी सोनंदवाडीतनं बोलतोय, बाबासो माळी. तुमच्यात शालन खोत कामाला हाय न्हवं? तिचा भाऊ मी." पलीकडे कुणीतरी रडत होतं, बाबासोनं बहुतेक फोनवर हात धरला आणि मग पुन्हा बोलू लागला. "आई गेली आमची. पहाटं. दोन वाजता माती हाय. शालीला म्हणावं, हाय तशी नीघ. तिच्यासाठीच थांबलोय."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. अण्णांनी फोनशेजारी एक वही बांधून ठेवली होती. आलेला प्रत्येक फोन कुणाचा आणि किती वाजता, ते तिच्यात लिहायचं, कारण ऑफिसातली माणसं डेअरीच्या फोनवर घरच्या गप्पा छाटतात असा त्यांना संशय होता. मी लिहिलं: नऊ चाळीस, शालन खोत, माहेरून. आई वारली हे लिहायला हात धजावला नाही.

डेअरीपासून सोनंदवाडी म्हणजे दोन एसट्या आणि तीन तास. दहाला निघाली असती तर शालन एकला घरी पोचली असती, आईचं तोंड बघायला मिळालं असतं. हा हिशोब मला तेव्हाही कळत होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून "माझ्या लक्षातच आलं नाही" म्हणायची सोय मला नको आहे.

दिवस पाडव्याच्या आदल्याचा होता. श्रीखंडाच्या धंद्यात पाडवा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. महिनाभर आधीपासून चक्का टांगायचा, घोटायचा, डबे भरायचे ते भरतच राहायचे. आणि नेमकं त्याच महिन्यात बायका दांड्या मारायच्या. कुणाच्या गावची जत्रा, कुणाची नणंद बाळंतीण, कुणाच्या पोराला ताप. दांडीचा पगार कापून झाला, दम देऊन झाला, अण्णा थकले. मी कोल्हापुरात कामगार व्यवस्थापनाचा डिप्लोमा करून नुकतीच लागले होते, वय पंचवीस, नोकरी अजून कच्ची. अण्णा म्हणाले, "मॅडम, शिकून आलाय न्हवं? काढा की काहीतरी डोकं लावून."

मी डोकं लावलं. पुस्तकात लिहिलं होतं की माणसाला काय हवं ते आधी त्यालाच विचारा. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांत जाऊन बसले आणि विचारलं, की महिनाभर एकही दांडी न मारता आलात तर काय द्यावं तुम्हाला?

"पैसे नका देऊ," तिसऱ्या टेबलाची इंदूआक्का म्हणाली. ही त्यांची म्होरकी, पन्नाशीची, डेअरी सुरू झाल्यापासूनची. "पैसा घरात जातोय आन् घरातल्यांचा हुतोय."

"साडी?"

"साडी नणंद नेसत्या."

सगळ्या हसल्या. मग शालन म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

शालन तेव्हा तिशीची असेल. ठेंगणी, बोलकी, हात चालवताना तोंडही चालवणारी. पुन्हा हशा झाला, पण तो लवकर विरला. छत्तीस बायका, आणि समुद्र पाहिलेली त्यांत एकही नव्हती. इंदूआक्का भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "मला बी बघायचाय."

त्यावरून मी योजना बेतली. चार टेबलं, टेबलाला नऊ बायका. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्या टेबलाची एकही दांडी पडणार नाही, ते अख्खं टेबल गणपतीपुळ्याला. दोन दिवस, राहणं-जेवण डेअरीचं, सोबत एक मूल चालेल, नवरा आणि सासू चालणार नाही. नऊजणींत एकीची जरी एक दांडी पडली, तरी सगळ्या टेबलाची सहल बुडाली. एकच सवलत ठेवली: जेवणाच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे दीडपर्यंत हजर असेल तर तो दिवस धरायचा.

"एकटीला बक्षीस लावलं तर ती एकटी झटते," मी अण्णांना समजावलं. "टेबलाला लावलं तर आठजणी नववीला ओढून आणतील. आपल्याला काही करावंच लागणार नाही."

अण्णांनी टेबलावर थाप मारली. "हे पाहिजे होतं बघा!"

आणि खरंच ओढून आणलं हो त्यांनी. तापानं फणफणलेली एक बाई नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून आली, टेबलाच्या दोघी तिला दारापासून धरून आत घेऊन गेल्या. एक जण मागच्या नळावर उलटी करत होती. मी ते पाहिलं. तिनं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि परत जाऊन श्रीखंडाचे डबे भरायला लागली. तेच श्रीखंड लोक पाडव्याला देवापुढे ठेवणार होते. मी तिला घरी पाठवलं नाही. ऑफिसात येऊन हजेरीच्या तक्त्यावर त्या दिवसाचा हिरवा टिकला चिकटवला आणि तक्ता लांबून बघितला. छान दिसत होता.

अकराव्या दिवशी दुसऱ्या टेबलाच्या लता गुरवच्या पोराला गोवर निघाला. ती एक दिवस घरी राहिली. आठजणी माझ्याकडे आल्या, "मॅडम, पोराला गोवर, मुद्दाम का केलंय तिनं? एवढी एक सूट द्या." मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "एकीला सूट द्या, मग बघा, उद्यापासनं सगळ्यांचे सासरे मरायला लागतील." मी बाहेर येऊन सांगितलं, नियम म्हणजे नियम. वाटलं, आठजणी मला शिव्या घालतील. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. लताशी बोलणं टाकलं. तिचा डबा कुणीतरी नळाखाली ओतला. आठ दिवसांत तिनं काम सोडलं आणि मी तिच्या कागदावर "घरगुती कारण" असं लिहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत शर्यतीत उरलं होतं फक्त तिसरं टेबल. इंदूआक्काचं, शालनचं. शेवटचा दिवस, त्यातले चार तास.

मी फोन ठेवून पॅकिंगला निघाले ती सांगायलाच निघाले होते, एवढं खरं. पण मेल्याची बातमी अशी तोंडावर फेकायची आमच्याकडे रीत नाही. आधी "आजारी आहे" म्हणतात, "बोलावलंय" म्हणतात, माणसाला घरापर्यंत नेतात आणि मग ज्याचं त्याला कळतं. हे कसं करायचं मला जमेना, म्हणून मी दारातून इंदूआक्काला खुणेनं बोलावलं. जाणती बाई, ती सांगेल नीट.

तिनं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खोटं नव्हतं. मग तिनं आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"माती कधी म्हणाले?"

"दोनला."

"आन् तिला दीडला सोडलं तर?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं.

"आक्का, दीडला निघाली तर साडेचार होतील पोचायला. मार्च महिना आहे. एवढा वेळ ठेवतील का?"

"न्हाई ठेवणार. पर मॅडम, गेलेली म्हातारी काय परत येणार हाय? आता निघाली काय आन् मागनं निघाली काय. सव्वीस दिवस झालं. माझ्या गुडघ्यात पाणी झालंय, म्या आलो. मंगलचं पोट दुखतंय चार दिवस, ती आली. नऊ घरची पोरं पिशव्या भरून बसल्यात."

"आणि सुतक? सुतकात ती पाडव्याचं श्रीखंड भरणार?"

"कळलंच न्हाई तर सुतक कसलं?" इंदूआक्का म्हणाली. "सुतक कळल्यापासनं धरायचं असतंय. शास्त्रच हाय तसं."

शास्त्र आहे तसं, तेही खरंच. परगावी कुणी वारलं तर बातमी कळल्यापासून दिवस मोजतात. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्यानं लांबच्या माणसाची सोय म्हणून ठरवलं असेल.

इंदूआक्काचा आवाज बदलला. "बरं, ऱ्हाऊ द्या. तुमी मोठ्या. मग सूट द्या की. लिवून द्या कागदावर, की शालनचा आजचा दिवस धरला. आत्ता जाऊन सांगते तिला, माझ्या पोराच्या गाडीवर स्टँडवर सोडाय लावते."

एवढं सोपं होतं ते. योजना माझी, तक्ता माझा, टिकले माझ्या ड्रॉवरमध्ये. पण सूट दिली असती तर दुसरं टेबल विचारणार होतं, आमच्या लताचं पोर काय माणूस नव्हतं का? ते बरोबरच विचारणार होतं. मग अण्णांपुढे जाऊन सांगावं लागणार होतं की योजना फसली. पुढच्या महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती, आणि त्या कागदावर अण्णांची सही अजून व्हायची होती.

"सूट देता यायची नाही, आक्का," मी म्हणाले.

"मग दीडला सांगू," ती म्हणाली.

मी मान हलवली. तोंडानं हो म्हटलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते, की मी हो म्हटलेलं नाही.

इंदूआक्का आत गेली. मी दारातच उभी राहिले. ती एकीच्या कानाशी वाकली, मग दुसरीच्या. वजन करणारी मंगल एकदम थांबली आणि शालनकडे बघायला लागली, तशी इंदूआक्कानं तिच्या पाठीत कोपर हाणलं. सगळ्यांत धाकटी होती सुगंधा, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. ती जरा मोठ्यांदा म्हणाली, "सांगूया की वो आक्का, आई हाय..." एकीनं तिचा दंड धरला आणि तिला झाकणं आणायला गोदामात पिटाळलं. परत आल्यावर ती खाली मान घालून झाकणं लावायला लागली. पंधरा मिनिटांत आठहीजणींना कळलं. शालन मधे उभी होती, दोन्ही बाजूंना चार-चार बायका, आणि तिच्याशी सगळ्या भारी गोड बोलत होत्या. एकीनं तिचा डबा उचलून ठेवला. दुसरीनं पाणी आणून दिलं.

"आज काय माझं लगीन हाय का काय?" शालन म्हणाली. मला दारात बघून तिनं हाक मारली, "मॅडम, एक इचारू? समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणलं तर चालतंय न्हवं? टिकतंय?"

"कशाला?"

"आईला दावायला. तिनं बी न्हाई बघितला. तिला चालवत न्हाई आता, न्हाईतर पोरीऐवजी तिलाच न्हेलं असतं." ती हसली. "म्हंजे तुमच्या नेमात आई बसती का, ते इचारणार हुते."

मी म्हणाले, "टिकतं," आणि ऑफिसात आले.

साडेअकराला पुन्हा फोन वाजला. तोच आवाज. "मॅडम, शाली निघाली का?"

त्या वेळीही सावरता आलं असतं. टेम्पो दारात उभा होता. मी म्हणाले, "हो, निघाली."

"कवा?"

"मघाशीच."

"मग येईलच," बाबासो म्हणाला. "तिच्यासाठी ठेवतो. म्हातारीचा लई जीव हुता तिच्यावर." हा फोन मी वहीत लिहिला नाही.

दीडची घंटा झाली. इंदूआक्का शालनला हाताला धरून ऑफिसात घेऊन आली आणि म्हणाली, आत्ता फोन आलाय, आईला जास्त झालंय, तुला बोलावलंय. शालननं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि ती मटकन खाली बसली. आजारी, बोलावलंय, या शब्दांचा अर्थ तिलाही ठाऊक होताच की. इंदूआक्का तिला पोटाशी धरून रडली, मोठ्यानं, अगदी मनापासून. मीही रडले. मग मी उदार झाले. म्हटलं, एसटीची वाट बघू नका, डेअरीचा टेम्पो घेऊन जा. ड्रायव्हरला चहाला वीस रुपये दिले. टेम्पो गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि तिसऱ्या टेबलाचा शेवटचा टिकला चिकटवला.

टेम्पोनं तरी ती चारला पोचली. माझ्या शब्दावर त्यांनी साडेतीनपर्यंत वाट बघितली होती. शालनला लांबून धूर दिसला, असं ड्रायव्हरनं मला येऊन सांगितलं. मी त्याला विचारलं नव्हतं.

तेरावा करून ती परत कामावर आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, फोन कवा आलता?"

"सव्वाला."

"दादा म्हणतोय सकाळीच केलता. आन् साडेअकराला तुमी म्हणालासा मी निघालो म्हणून. तो माझ्यासंगं धड बोलंना."

शालननं नवऱ्यासाठी भावाशी जमिनीवरून एकदा भांडण काढलेलं होतं. बहीण-भावाचं नातं त्यानंतर आईच्याच जिवावर चाललेलं होतं, हे डेअरीत सगळ्यांना ठाऊक होतं. आता आई नव्हती, आणि माहेरचं दार उघडं राहणार की नाही, ते या एका उत्तरावर होतं.

"सकाळी फोन आला होता, पण लाईन खराब होती," मी म्हणाले. "नुसती खरखर. कुणाचा, कशाचा, काही कळलं नाही. साडेअकरालाही तसंच. त्यांना वाटलं असेल मी हो म्हटलं."

तिनं ते खरं मानलं. तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथं बसवेना. "तसं हाय व्हय," ती म्हणाली. "तेच म्हटलं, तुमी असं कसं करशीला. सांगतो मी दादाला." तिनं तसं सांगितलं आणि दोन-चार दिवसांनी मला येऊन म्हणालीसुद्धा, की दादा निवळला, आखितीला ये म्हणालाय.

सहलीला ती आली नाही. आई जाऊन वर्ष व्हायच्या आत असं फिरायला जायचं नसतं. बाकीच्या आठजणी गेल्या, त्यांच्यासोबत मी. वाळूत पाय टाकल्यावर बायका पोरींसारख्या ओरडल्या. इंदूआक्का गुडघे धरून लाटेत बसली आणि तासभर उठली नाही. शालनचं नाव दोन दिवसांत एकीनंही काढलं नाही. जेवायला मोदक होते. मी तीन खाल्ले.

इथवर जे झालं ते झाकलेलं तरी राहिलं असतं. पण शालनची आई त्या दिवशी पहाटेच वारली होती आणि शालन दीडनंतर टेम्पोनं निघाली, हे ड्रायव्हरनं अण्णांच्या कानावर घातलं, आणि अण्णांनी फोनची वही मागवली.

"नऊ चाळीस," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई गेल्याचं नऊ चाळीसला कळलं, आणि ही बाई दीडपर्यंत जागची हलली नाही! टेबलाचं नुकसान नको म्हणून! मॅडम, हे पगारानं मिळत नाही हो. ही तुमच्या योजनेची करामत."

"अण्णा, तिला जरा उशिरा..."

"काय?"

त्यांच्यापुढे माझा नोकरी पक्की झाल्याचा कागद होता. सही केलेला, पण अजून त्यांच्या हाताखाली.

"काही नाही," मी म्हणाले.

"एक मेला सत्कार करू. शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्र तुम्ही लिहा. आणि माहेरच्यांना बोलवा तिच्या. लेकीचं कौतुक बघू दे त्यांना." मग त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला.

मानपत्र मी लिहिलं. वेळ घातली नाही, नुसतं "दुःखाच्या प्रसंगीही कर्तव्यनिष्ठा" असं मोघम लिहून दिलं. छापून, काचेची चौकट करून ते एक मेच्या सकाळीच आलं. छापायला देताना अण्णांनी मधे आपली एक ओळ घातली होती. मी ती वाचली तेव्हा मांडवात माणसं येऊन बसायला लागली होती.

डेअरीच्या आवारात मांडव होता. तिसऱ्या रांगेत बाबासो बसला होता, पांढरी टोपी, शेजारी बायको. आखितीला शालन माहेरी जाऊन आली होती, आणि आता भाऊ तिच्या सत्काराला आला म्हणून ती सकाळपासून त्याला चहा दे, पाणी दे करत हिंडत होती. आपला सत्कार कशासाठी, ते तिला धड माहीत नव्हतं. मी तिला चांगल्या हजेरीसाठी एवढंच सांगितलं होतं.

तिचं नाव पुकारल्यावर ती पदर डोक्यावर घेऊन वर आली. अण्णांनी शाल घातली. मी माईकवर मानपत्र वाचायला लागले. ती ओळ येणार हे मला दिसत होतं. ती गाळता आली असती. पण शेजारी अण्णा उभे होते, चौकटीतल्या मजकुरावर बोट ठेवून, एखाद्या शाळेच्या पोराचं वाचन ऐकावं तसे माझ्याबरोबर ओठ हलवत होते. मी वाचलं.

"सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मातोश्रींच्या निधनाची वार्ता कळूनही, दुपारी दीडपर्यंत आपल्या जागेवरून न हलता..."

टाळ्या पडल्या. शालन हसतमुख उभी होती. मग तिचं हसू तसंच राहिलं आणि डोळे माझ्याकडे वळले.

बाबासो उठला. रांगेतून वाट काढत तो मंचाच्या पायऱ्यांपाशी आला. टाळ्या थांबल्या.

"शाले," तो खालूनच म्हणाला, "सकाळी कळलं हुतं तुला?"

अण्णांना वाटलं, भाऊ कौतुकानं विचारतोय. ते माईकशी वाकून म्हणाले, "कळलं होतं तर! आमच्याकडे वेळ लिहिलेली आहे. तरी हलली नाही बाई!"

"आमी म्हातारीला उन्हात ठेवली," बाबासो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "शाली येणार, शाली येणार म्हणून. आन् तू डबं भरत हुतीस. वर मला लाईन खराब हुती म्हणून सांगितलंस." त्यानं बायकोला हातानं ऊठ म्हणून खुणावलं. "मी आता तुला वळखत न्हाई. माझ्या दारात यायचं न्हाई."

शालननं पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथं तिचं टेबल बसलं होतं, आठहीजणी, नवीन साड्या नेसून. आठहीजणींनी माना खाली घातल्या. सुगंधा तोंडात पदर कोंबून रडत होती, पण उठली नाही. मग शालन माझ्याजवळ आली. अंगावर शाल, हातात नारळ. इतकी जवळ आली की मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. तिनं मला शिवी दिली नाही, का केलंत म्हणून विचारलंही नाही. भाऊ फाटकाकडे चालला होता, तिकडे बघत ती घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, तुमी सांगा की त्याला. लवकर सांगा. तुमी सांगितलं तर ऐकंल तो."

माईक माझ्याच हातात होता. बाबासो अजून फाटकाच्या आत होता. सगळ्या आवारात ऐकू गेलं असतं.

"नंतर बोलू हं, शालन," मी म्हणाले. "कार्यक्रम चालू आहे."

आणि मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. उत्कृष्ट गटप्रमुख, श्रीमती इंदुमती गायकवाड. इंदूआक्का उठली, पदर सारखा केला, आणि पायऱ्या चढायला लागली.